लहान मुलांच्या पालकांना मदत नेमकी कुठे मिळते?

खोपा

नमस्कार. माझा मुलगा आता २२ महिन्यांचा आहे. आम्ही पिंपरी-चिंचवडमध्ये राहतो. मी एका कंपनीच्या लेखा विभागात काम करते आणि माझे पती कारखान्यात तीन पाळ्यांत काम करतात. गेल्या महिन्यापर्यंत सासूबाई आमच्याकडे होत्या, त्यामुळे बाळंतपणाची रजा संपल्यावर मी निर्धास्तपणे कामावर जाऊ शकले. आता सासऱ्यांच्या शस्त्रक्रियेमुळे त्यांना गावी परतावे लागले आहे. माझ्या आईची नोकरी अजून चार वर्षे शिल्लक आहे, तेव्हा तिला इकडे बोलावणे शक्य नाही.

प्रश्न तीन आहेत आणि ते एकमेकांत गुंतलेले आहेत. पाळणाघर पाहताना काय पाहावे? मुलगा अजून चार-पाचच शब्द बोलतो, त्याची काळजी करावी का? घरी सांगतात, की त्याचे वडीलही तिसरे लागल्यावर बोलू लागले, आणि ज्या दवाखान्यात आम्ही लसी देतो तिथे ‘मुलगे उशिराच बोलतात, थांबा’ एवढेच उत्तर मिळाले. तिसरा प्रश्न विचारताना थोडा संकोच वाटतो. आमच्या इमारतीच्या मागच्या गल्लीत एक अंगणवाडी आहे आणि मी रोज तिच्यावरून जाते. पण आमच्यासारख्या दोन पगारांच्या घराने तिथे जावे का, तो हक्क आपला आहे का, हेच मला ठाऊक नाही.

ज्यांनी हे दिवस काढले आहेत त्यांनी अनुभवाने सांगावे, ही विनंती.

तिसरी पाळी

पाळणाघराबद्दल मी लिहितो, कारण आमच्या मुलीसाठी मी एकट्याने नऊ पाळणाघरे पाहिली. पत्नीची बदली नुकतीच झाली होती आणि मला दुपारी वेळ असे.

सकाळी दहा वाजता कोणतेही पाळणाघर नीटनेटकेच दिसते. आपण दुपारी साडेतीन-चारच्या सुमारास, न सांगता जावे. त्या वेळी मुले झोपेतून उठत असतात, कोणी रडत असते, कोणाचे कपडे ओले झालेले असतात आणि सांभाळणाऱ्या बाई सकाळपासून दमलेल्या असतात. त्या वेळी त्या रडणाऱ्या मुलाशी कशा बोलतात ते दहा मिनिटे उभे राहून ऐकले, की फार विचारावे लागत नाही. एका ठिकाणी मला ‘पालकांना आत सोडत नाही, मुले बिथरतात’ असे सांगण्यात आले. मी तिथूनच परत फिरलो. दुसऱ्या ठिकाणी भिंतींवर सुंदर चित्रे होती, पण न्हाणीघरात भरलेली बादली उघडी होती. रांगणाऱ्या आणि नुकत्याच चालू लागलेल्या मुलांसाठी ती किती धोक्याची असते हे ज्यांना कळत नाही, त्यांच्याकडे मूल ठेवावेसे मला वाटले नाही.

याखेरीज मी विचारत असलेल्या गोष्टी अशा होत्या : मुलांना रोज त्याच बाई सांभाळतात की माणसे सारखी बदलतात, लंगोट बदलण्याची जागा आणि स्वयंपाकाची जागा वेगळी आहे का, मुलाला ताप आला तर किती वेळात कळवतात, आणि मूल घरी न्यायला कोण येऊ शकते याची लेखी नोंद ठेवतात का. दूरदर्शनसंच दिवसभर चालू असेल तर तेही लक्षात घ्यावे. तुमच्या मुलाच्या बोलण्याच्या दृष्टीने ते अधिकच महत्त्वाचे आहे. निवड झाल्यावर पहिल्याच दिवशी नऊ तास ठेवू नका. आम्ही पहिले दोन दिवस एकेक तास बरोबर बसलो, मग अर्धा दिवस, आणि दुसऱ्या आठवड्यात पूर्ण दिवस. त्यासाठी माझी सहा दिवसांची रजा गेली. त्या वर्षी गणपतीला गावी जाता आले नाही, पण मुलगी रुळली.

आणखी एक. तुमच्या कंपनीत ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील, तर पाळणाघराची सोय करणे कंपनीवर बंधनकारक आहे. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीत २६ आठवड्यांच्या पगारी रजेबरोबरच ही तरतूद आली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन मुलाला पाहता येते आणि विश्रांतीची सुट्टी त्या चारांतच धरली जाते. रजेबद्दल सर्वांना माहीत असते, पण पाळणाघराबद्दल मनुष्यबळ विभागाला लेखी विचारणारे मला फारसे भेटले नाहीत. माझ्या आधीच्या कंपनीत ते केवळ कागदावर होते. आम्ही अकरा जणांनी सह्या करून पत्र दिले, तेव्हा जवळच्या एका पाळणाघराचे अर्धे शुल्क कंपनी देऊ लागली. एकट्याने विचारले असते, तर उत्तरही आले नसते.

मुख्यसेविका (निवृत्त)

खोपाताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. हो, तो हक्क तुमच्या मुलाचा आहे.

मी तीस वर्षांहून अधिक काळ एकात्मिक बालविकास सेवा योजनेत, म्हणजे ज्या योजनेतून अंगणवाड्या चालतात तिच्यात, काम केले. आधी पालघर जिल्ह्याच्या डोंगरी भागात होते आणि शेवटची सात वर्षे शहरी प्रकल्पात. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये आदेश दिला, की सहा वर्षांखालील प्रत्येक मुलापर्यंत ती पोहोचली पाहिजे, आणि ज्या वस्तीत सहा वर्षांखालील ४० मुले आहेत पण अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यास तीन महिन्यांत ती द्यावी. पुढे २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांच्या आहाराला कायद्याचा आधार मिळाला. यात कुठेही शिधापत्रिकेचा रंग विचारलेला नाही.

तुमच्या मुलाच्या वयासाठी तिथे काय आहे ते सांगते. तीन वर्षांखालील मुलांना घरी न्यायचा आहार मिळतो आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथेच गरम ताजे जेवण आणि शालापूर्व शिक्षण. आहार नको असेल तर घेऊ नका, त्याची कोणी सक्ती करत नाही. पण वजन आणि उंची दर महिन्याला मोजून वाढीच्या आलेखावर नोंदवणे ही गोष्ट मात्र सोडू नका. खासगी दवाखान्यात मूल आजारी पडल्यावर तोलले जाते, म्हणजे नेमके तेव्हा, जेव्हा वजन आधीच घटलेले असते. आलेखाची रेघ तीन महिने सपाट राहिली, तर आजार दिसण्याच्या आधीच सेविका तुम्हाला सांगते. जीवनसत्त्व अ चा पहिला डोस नवव्या महिन्यात आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी असतो. लोहाचे पातळ औषध सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर द्यायचे असते. जंतनाशक मोहीम फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये असते. सुशिक्षित घरांतल्या कितीतरी मुलांच्या कार्डावर हे रकाने कोरे पाहिले आहेत, कारण ‘आमचे सगळे खासगीत होते’ असे सांगून सेविकेला दारातूनच परत पाठवले जाते.

तुमच्या संकोचाबद्दल एक आठवण सांगते. मी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला प्रशिक्षणासाठी गेले होते, तेव्हा तिथल्या जुन्या शिक्षिका सांगत, की बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली, पण पाड्यांवरची मुले तिथपर्यंत येत ना. मग बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली गेली आणि तिला नाव पडले अंगणवाडी. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी ते आयुष्यभर चालवले. ज्या शब्दाला आज शहरातले लोक गरिबांची सोय समजतात, तो शिक्षणातल्या एका प्रयोगाचा शब्द आहे.

उंबरठा

मुख्यसेविका, आपल्या अनुभवाचा आदर ठेवून लिहितो, पण कागद आणि वास्तव यांत फरक आहे. आमच्या भागातली अंगणवाडी दहा बाय बाराच्या भाड्याच्या खोलीत आहे, स्वच्छतागृह नाही, आणि सेविका अर्धा दिवस मोबाइलवर माहिती भरत बसलेल्या असतात. माझी मुलगी तिथे तीन आठवडे गेली. तिला तिथे आवडले, हे मान्य करतो, पण शिकवण्यासारखे काही घडताना दिसले नाही. ज्यांना परवडते त्यांनी खासगी बालवाडीत घालावे, हेच व्यवहार्य आहे.

मुख्यसेविका (निवृत्त)

उंबरठा, खोलीबद्दल तुम्ही लिहिले ते खरे आहे आणि मी त्याचे समर्थन करणार नाही. शहरात जागेचे भाडे इतके वाढले आहे, की मंजूर भाड्यात मिळते ती खोली घ्यावी लागते. मोबाइलबद्दलही खरे आहे. पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर प्रत्येक मुलाची उपस्थिती, वजन, उंची आणि आहार भरावा लागतो. त्याखेरीज सर्वेक्षणे आणि निवडणुकीची कामेही त्यांच्याच अंगावर येतात. ही कामे करणाऱ्या बाईला अजूनही पगार नव्हे, मानधन मिळते, हे विसरू नये.

पण ‘शिकवण्यासारखे काही दिसले नाही’ याबद्दल माझे मत वेगळे आहे. तीन वर्षांच्या मुलाने मातीत हात घातला, रांगेत उभे राहून हात धुतले, दुसऱ्याच्या ताटात पाहून भाजी खाल्ली आणि गोष्ट ऐकून मधेच प्रश्न विचारला, तर त्या वयाचे शिक्षण तेच असते. तीन वर्षांच्या मुलांकडून ओळी गिरवून घेणाऱ्या बालवाड्या पालकांना आवडतात, कारण घरी दाखवायला वही मिळते. बोटांचे स्नायू तयार नसताना पेन्सिल धरायला लावल्याने काय होते, ते पहिलीच्या शिक्षिकांना विचारावे.

बालरोग कक्ष

मी गेली काही वर्षे लहान मुलांची डॉक्टर म्हणून काम करते. इथे बसून निदान करता येणार नाही आणि मी ते करणारही नाही, पण दुसऱ्या प्रश्नावर लिहिणे आवश्यक वाटते, कारण ‘थांबा’ हा सल्ला मला पटलेला नाही.

दोन वर्षांच्या आसपास मूल साधारणपणे पन्नासएक शब्द बोलते आणि ‘पाणी दे’, ‘बाबा गेले’ अशी दोन शब्दांची जोडी करू लागते. काही मुले मागे असतात आणि पुढे आपोआप गाठतात, हे खरे आहे. परंतु कोणते मूल गाठेल आणि कोणते गाठणार नाही, हे नुसते पाहून सांगता येत नाही, म्हणून तपासणी करायची. शब्दांच्या संख्येपेक्षा मी आधी इतर गोष्टी विचारते. हवी असलेली वस्तू तो बोटाने दाखवतो का? आकाशातले विमान तुम्हाला दाखवण्यासाठी तुमच्याकडे वळून पाहतो का? नावाने हाक मारल्यावर वळतो का? हाताची खूण न करता ‘चप्पल आण’ असे म्हटले तर आणतो का? या सर्वांची उत्तरे ‘हो’ असतील, तर चिंता बरीच कमी होते. यांपैकी एक-दोन गोष्टी दिसत नसतील, तर मुलाच्या विकासाची सविस्तर तपासणी लगेच करावी. बोलता येत असलेले शब्द किंवा हावभाव मधेच बंद झाले असतील, तर एक दिवसही थांबू नये.

उत्तरे काहीही असली, तरी श्रवणचाचणी करून घ्या. दार वाजले की मूल वळते, म्हणून ऐकू येते असे घरचे सांगतात, पण काही विशिष्ट पट्टीतले आवाज ऐकू न येणारे मूलसुद्धा दाराच्या आवाजाला वळू शकते. कानात छोटी नळी ठेवून केली जाणारी एक चाचणी काही मिनिटांत होते. तिच्यात शंका आली, तर मूल झोपलेले असताना डोक्याला तारा लावून बेरा ही चाचणी करतात. दोन्हींत वेदना नसते.

कुठे जावे, हे आता सांगते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. त्यांचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते आणि शंका असलेल्या मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. पुण्याचे जिल्हा रुग्णालय औंधला आहे, तिथे चौकशी करावी. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा आणि श्रवण या विषयांसाठीच आहे, तर विकासाच्या इतर अडचणींसाठी २००१ पासून काम करणारी उम्मीद ही संस्थाही मुंबईत आहे.

तारीख मिळेपर्यंत घरी काय करावे? पडदा बंद. दोन वर्षांखालील मुलांना, आजी-आजोबांशी व्हिडिओवर बोलणे सोडले तर, पडदा दाखवू नये असे भारतीय बालरोग अकादमीचेही मत आहे. पडद्यावरचे गाणे मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही. तुम्ही मात्र ‘हे काय आहे?’ असे विचारून दहा सेकंद गप्प राहू शकता, आणि मूल बोलायला शिकते ते बहुधा त्या दहा सेकंदांत. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, जिना उतरताना आपण जे करतो ते छोट्या वाक्यांत बोलत राहावे. घरात मराठी आणि पाळणाघरात हिंदी आहे म्हणून बोलणे लांबले, असे समजून कोणतीही भाषा बंद करू नका. दोन भाषांमुळे मूल मुके राहत नाही.

वैनतेया

मी या धाग्यावर आजी म्हणून लिहिते आहे. माझ्या दोन्ही नातींना मी ठाण्यात साडेतीन वर्षे सांभाळले, आणि त्या काळात रत्नागिरीतले आमचे घर बंद होते.

आजीला मदत म्हणून बोलावले जाते, पण बहुतेक घरांत तिच्याकडून पूर्ण वेळ काम घेतले जाते. मला कोणी वाईट वागवले नाही, तरीही दुसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आले, की मी आठ महिने एकही रविवार स्वतःसाठी घेतलेला नाही, आणि रक्तदाबाची गोळी रोज घेते की नाही हे कोणी विचारलेले नाही. मग मीच सांगितले, की शनिवार-रविवार मुले तुमची, मी भजनाला जाणार. सुनेला आधी राग आला, नंतर तिलाच बरे वाटले. खोपाताईंच्या सासूबाई परत येतील, तेव्हा त्यांच्या सुट्टीचा दिवस आधी ठरवावा, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट गुटीची. मी आणि सून तीन आठवडे अबोल्याने राहिलो, कारण मी सहाणेवर उगाळून गुटी देत होते आणि ती डॉक्टरांचे सांगणे दाखवत होती. माझी दोन्ही मुले गुटीवर वाढली, मग हिच्या मुलीला त्याने काय होणार, असे मला वाटे. शेवटी घरी आलेल्या आशाताईंनी, म्हणजे घरोघरी जाणाऱ्या सरकारी आरोग्य कार्यकर्तीने, माझ्यासमोर बसून विचारले, ‘आजी, सहाण कोणत्या पाण्याने धुता?’ मी गप्प झाले. सहा महिने केवळ आईचे दूध, पाणीसुद्धा नाही, हे त्यांनी मला सांगितले, सुनेला नाही. हे बोलणे बाहेरच्या माणसाकडून आले म्हणून दोघींनाही कमीपणा वाटला नाही. घरात वाद असेल, तर अशा माणसाला चहाला बोलवा.

बालरोग कक्ष

वैनतेया, गुटीबरोबर काजळ आणि वर्षाच्या आतल्या बाळाला दिला जाणारा मधही टाळायच्या गोष्टींच्या यादीत घाला. काजळात शिसे असू शकते आणि मधामुळे तान्ह्या बाळाला क्वचित गंभीर विषबाधा होते. मात्र तेलाने हलक्या हाताने मालीश करायला माझी काहीच हरकत नाही. आजीची ती अर्ध्या तासाची बडबड बाळाला फार उपयोगी पडते.

डिंकाचा लाडू

वर लिहिलेले सर्व मुलाबद्दल आहे. खोपाताईंनी चौथा प्रश्न विचारलेला नाही, पण त्यांच्या लिहिण्यात मला तो दिसला, म्हणून लिहिते. चुकत असेन तर सोडून द्यावे.

माझे पहिले बाळंतपण माहेरी झाले. सव्वा महिना आईने मला उठू दिले नाही. शेक, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतविडा घेऊन येणाऱ्या मावश्या असे सर्व काही रीतसर झाले आणि मी त्यात सुखात होते. त्यानंतर सासरी, म्हणजे खरे तर दोघांच्याच घरी आले, आणि तिसऱ्या महिन्यापासून मला झोप येईनाशी झाली. बाळ झोपले तरी मी जागी. अन्नाची चव गेली. बाळ रडले की त्याला उचलण्याऐवजी मी बाल्कनीत जाऊन उभी राहत असे, आणि एके दिवशी माझ्या मनात असा विचार आला, की मी नसते तर या घराचे बरे झाले असते. मी तो कोणालाही सांगितला नाही, कारण सगळे म्हणत होते की किती शांत बाळ आहे, तुला कसला त्रास?

प्रसूतीनंतरचे नैराश्य हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत आणि तो पहिल्या सव्वा महिन्यातच येतो असे नाही, हे मला वर्षभराने कळले. पहिल्या आठवड्यातला रडवेपणा बहुतेक जणींना येतो आणि दहा-पंधरा दिवसांत जातो. त्याहून अधिक टिकला, किंवा स्वतःला अथवा बाळाला इजा करण्याचा विचार आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे. मला पहिला आधार दूरध्वनीवर मिळाला. टेलिमानस ही केंद्र सरकारची सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते आणि तिथे मराठीत बोलता येते. पलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न ‘तुम्ही आज काय खाल्ले?’ असा विचारला. मला उत्तर देता आले नाही. पुढे मनोविकारतज्ज्ञांनी स्तनपान चालू ठेवूनही घेता येईल असे औषध दिले आणि मी चार महिन्यांत सावरले.

ऱ्हाईनकाठ

मी जर्मनीत राहतो. इथे बाळंतपणानंतर सुईण घरी येते, सुरुवातीच्या दिवसांत जवळजवळ रोज, आणि तिचा खर्च आरोग्य विमा देतो. आमचे कोणीच नातेवाईक इथे नसताना तिने पत्नीला दूध पाजण्यास शिकवले, मला अंघोळ घालण्यास शिकवले आणि ‘तुम्ही दोघे भांडता का?’ हेही विचारले. आपल्याकडे अशी सोय असती, तर कितीतरी घरे सावरली असती.

मुख्यसेविका (निवृत्त)

ऱ्हाईनकाठ, आपल्याकडे अशी सोय आहे, आणि तिचे मूळ महाराष्ट्रात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्यास शिकवले. त्यामुळे बालमृत्यू घटल्याचा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच धर्तीवर आज देशभर आशा घरी जातात. रुग्णालयात प्रसूती झाली असेल, तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी असतात. पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी आणखी पाच भेटी.

शहरात त्या तुम्हाला का दिसत नाहीत, तेही सांगते. आशांचे काम मुख्यतः वस्त्यांमध्ये असते, आणि मोठ्या गृहसंकुलाच्या फाटकावर पहारेकरी त्यांना विक्रेत्यांच्या वहीत नाव लिहायला लावतो. मग वर दूरध्वनी जातो आणि वरून उत्तर येते, ‘आम्ही कोणाला बोलावले नाही.’ मी स्वतः अशा तीन फाटकांवरून परतले आहे. सोसायटीच्या सभेत एक ठराव केला, की आशा आणि अंगणवाडी सेविकेला अडवायचे नाही, तर हे एका दिवसात सुटेल.

खोपा

उशिरा उत्तर देत आहे, क्षमस्व. सर्वांचे प्रतिसाद मी दोनदा वाचले आणि पतीलाही वाचायला दिले.

डिंकाचा लाडू, तुम्ही चुकलेला नाहीत. एवढेच आत्ता लिहिते. तो क्रमांक मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवला आहे.

शुक्रवारी अर्धा दिवस रजा घेऊन मागच्या गल्लीतल्या अंगणवाडीत गेले. खोली लहानच आहे, उंबरठा यांनी वर्णन केले तशीच, पण सेविकाताईंनी मुलाला उचलून काट्यावर ठेवले, उंची मोजली आणि आमचे माता व बाल संरक्षण कार्ड मागितले. ते घरी कपाटात कुठेतरी होते. लसी सर्व झाल्या आहेत, पण जीवनसत्त्व अ चा फक्त एकच डोस झालेला निघाला. तपासणी पथक पुढच्या महिन्यात येणार आहे, पण तोवर थांबू नका, असे त्याच म्हणाल्या. औंधला पतीने सकाळी पाळी सुटल्यावर जाऊन चौकशी केली आणि श्रवणचाचणीची बुधवारची वेळ मिळाली आहे. बालरोग कक्ष यांच्या प्रश्नांपैकी बोटाने दाखवणे आणि हाकेला वळणे आहे. ‘चप्पल आण’ला मात्र तो माझ्या हाताकडे पाहतो. मी हात मागे बांधून विचारले, तेव्हा तो नुसता उभा राहिला. हे इतके दिवस माझ्या कसे लक्षात आले नाही, कोण जाणे.

पाळणाघरे चार पाहिली, चारही दुपारी चार वाजता. एकाबद्दल चांगले वाटते आहे. सोमवारपासून पती पहिले तीन दिवस तिथे बरोबर बसतील. कंपनीत मनुष्यबळ विभागाला पत्र द्यायचे आहे, आतापर्यंत सहा जणी तयार झाल्या आहेत आणि दोन पुरुष सहकारीही.

एक छोटी शंका : बुधवारी चाचणीची वेळ अकराची आहे आणि तो दुपारी एकच्या आधी कधीच झोपत नाही. बेरा करावी लागली तर काय करावे?

बालरोग कक्ष

त्या दिवशी त्याला पहाटे नेहमीपेक्षा दोन तास लवकर उठवा आणि प्रवासात झोपू देऊ नका. रिक्षात मागच्या बाजूला दोघे बसा, म्हणजे एकाला त्याच्याशी बोलत राहता येईल. डोके आदल्या दिवशी धुवा, पण तेल लावू नका, तेलकट त्वचेवर तारा चिकटत नाहीत. त्याची नेहमीची गोधडी, भरवायचे अन्न आणि ते कार्ड बरोबर न्या. पहिल्या वेळी झोपला नाही, तर पुन्हा वेळ देतात, असे बऱ्याच मुलांचे होते. ‘चप्पल आण’बद्दल तुम्ही इथे जे लिहिले आहे, ते तसेच्या तसे तिथल्या डॉक्टरांना सांगा.

वैनतेया

गोधडीत आजीचे जुने लुगडे असेल तर तीच न्या.